जांभई

"मॅडम, तुमचं ह्ये यंत्र सकाळी उठलं की जांभई देतंय बगा."

केरबा पोवारनं हे सांगितलं तेव्हा मी चौकटीच्या वहीत मान घालून आकडे मोजत होते. वर न बघताच म्हटलं, "देऊ दे की. दिवसभर राबतंय बिचारं. तुम्ही नाही का देत?"

"आमी देतोय, पर आमचं तोंड आमच्या ताब्यात असतंय. ह्येचं न्हाई."

मी हसले. चांगली खळखळून हसले. तोही हसला, पण जरा उशिरा, आणि माझं हसू ओसरल्यावरही तो तिथंच उभा होता. मग त्यानं बोट आणि अंगठा एकमेकांपासून दोन पेरं लांब धरून दाखवले. "एवढं. तोंड उघडतंय, आन मिटतंय. संगणकाचं बटन दाबलं की. पंप बंद हाय तरीबी."

"पंप बंद असतो ना? मग काही नाही. रात्रीचा तेलाचा दाब थोडा शिल्लक असतो, तो निघून जातो."

"असंल, असंल," तो म्हणाला. "तुमी म्हणता म्हंजी तसंच असंल." आणि गेला आपल्या कामाला.

१९८८ सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची, सांगलीहून आलेली, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका कारखान्यात नोकरीला. कारखान्याचं नाव सांगत नाही, आता ते नावही राहिलेलं नाही. ट्रकच्या चाकांवर पोलादी पाटे असतात ना, ते आम्ही बनवायचो. पाटा किती लाख हेलकाव्यांनंतर तुटतो हे बघायला एक कसोटीचं यंत्र होतं, दीड पुरुष उंच. खाली जाडजूड बैठक, वरून तेलाच्या दाबावर खालीवर होणारा दट्ट्या. दोहोंच्या मधल्या जागेला सगळे जबडाच म्हणायचे. हे यंत्र चालवायचा केरबा, आणि त्याला संगणक जोडून द्यायला मला घेतलेलं.

संगणक म्हणजे आताच्यासारखा नव्हे हं. पत्र्याची पेटी, तिच्या तोंडावर लाल आकडे उमटणारी एक पट्टी, खाली आकड्यांची आणि अक्षरांची बटणं, आणि मधोमध एक गोल लाल बटण. ते दाबलं की सगळं पहिल्यापासून सुरू. पेटीच्या आत तीन कार्डं. त्यांतलं एक माझं लाडकं होतं. त्याला आकडा दिला की ते त्याचा विजेचा दाब करायचं. शून्य दिलं तर शून्य व्होल्ट, मोठ्यात मोठा आकडा दिला तर दहा. आणि जेवढे व्होल्ट तेवढा दट्ट्या वर. शून्याला जबडा बंद, दहाला पूर्ण आ.

केरबाला हे सगळं समजून घ्यायचं होतं. बाकीचे कामगार त्या पेटीला लांबनंच नमस्कार करायचे, हा एक दिवस डबा खाता खाता म्हणाला, "पर मॅडम, त्येला कसं कळतंय, कुठला आकडा दट्ट्याला द्याचा त्ये?"

"त्याला नाही कळत," मी म्हटलं. "त्याच्यापुढं नंबर घातलेले चौसष्ट हजार खण आहेत. त्याला वाटतं सगळे आठवणीचेच खण. आकडा ठेवायचा, लागला की काढायचा. आपण काय केलंय, सहा हजार आणि सहा हजार एक या दोन खणांच्या मागं हे कार्ड बसवलंय. तो बापडा खणात आकडा ठेवतो, आणि इकडं दट्ट्या हलतो."

केरबानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "म्हंजी त्येला वाटतंय पेटीत चिठ्ठी टाकली. आन हिकडं कुणाचा तरी हात हलतोय. त्येला ठावंच न्हाई."

इतकं नेमकं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

वडणग्याहून सायकलवर यायचा. चाळिशीचा, उंच, काटक, आणि हात स्वच्छ ठेवायची भारी हौस. कारखान्यात बायकांसाठी वेगळी मोरी नव्हती, कारण बाईच नव्हती. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यानं कुणाला न सांगता मोरीच्या दाराला आतून कडी बसवून दिली आणि तो विषय कधी काढलाही नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र सासूच्या वर कडक. एक पत्र्याची पाटी त्यानं स्वतः लाल रंगानं रंगवून खांबाला टांगली होती: आधी संगणक. मग थांबा. मग पंप. पंप चालू असताना जबड्यात हात घालू नये. नवा कुणी आला की आधी ती पाटी मोठ्यानं वाचायला लावायचा. "वाचा. पुन्यांदा वाचा." लोक त्याला चिडवायचे, पोवार मास्तर म्हणायचे.

आणि मग खंडेनवमी आली.

कारखान्यातला सगळ्यात मोठा सण तो. आदल्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून लख्ख, नवमीला काम बंद, प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्या वर्षी जास्तच थाट, कारण एका मोठ्या ट्रक कंपनीचे साहेब लोक पाहुणे म्हणून यायचे होते. आमचे घोरपडे साहेब, म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, सकाळपासून घामाघूम. त्यांना काय सुचावं? तर पाटा जबड्यात ठेवायचा, त्याच्यावर फुलांची आरास करायची, आणि जबडा उघडा ठेवायचा. फोटोत छान दिसेल म्हणे.

"साहेब, जबडा उघडा ठेवायचा तर पंप चालू पायजे," केरबा म्हणाला. "पंप बंद केला की दट्ट्या आपल्या वजनानं खाली येतोय."

"मग ठेवा चालू."

"आन फुलं आत कोण लावणार?"

"तुम्ही! तुमचंच यंत्र ना? पाच मिनिटांचं काम हो. सणासुदीला तरी ती पाटी वाचू नका."

आसपासचे हसले. केरबा हसला नाही. त्यानं सकाळीच धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, डोक्याला टोपी, हातात कुंकवाची वाटी आणि फुलांची परडी. मी पेटीवरून फुलं लावण्यापुरता जबडा उघडून दिला. दट्ट्या वर जाऊन थांबला. पंप घरघरत होता. केरबानं माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, घालू का हात?"

"घाला," मी म्हटलं. "मी आहे इथं."

मी तरी कुठली शहाणी! मलाही माझ्या पेटीची पूजा करायची होती. नवी कोरी जरीकाठी साडी नेसून आले होते, आईनं सांगलीहून पाठवलेली. पेटीला हळदीची दोन बोटं ओढली, वर झेंडूचं फूल ठेवलं. आणि कुंकू. कुंकू लावायचं कुठं? पत्र्याच्या सपाट तोंडावर मधोमध ते एकच गोल बटण होतं. देवाच्या कपाळाला लावावं तसं मी अनामिकेनं त्याच्यावर कुंकू टेकवलं.

बटण आत गेलं.

लाल आकडे विझले आणि पुन्हा पेटले. मला पंपाचा आवाज बदललेला ऐकू आला. जबडा आणखी उघडला. केरबा आत वाकलेलाच होता, तो वर बघून अर्धवट हसला, "आता गं..." एवढंच म्हणाला. मग जबडा मिटला.

त्याची किंकाळी मी लिहिणार नाही.

घोरपडेंनी पंप बंद करायला हात नेला तेव्हा मी ओरडले, "बंद करू नका! दाब गेला तर उघडणार नाही!" जबडा शून्यावर होता, आणि त्या खणात मोठा आकडा टाकल्याशिवाय तो उघडणार नव्हता. टाकायला मीच होते. मी बटणं दाबू लागले. सहा, शून्य, शून्य, शून्य, आणि आकडा. जबडा नुसता थरथरला. केरबा पुन्हा ओरडला. अगं बाई, सहा हजारचा खण बारीक आकड्यांचा, मोठे आकडे सहा हजार एकमध्ये जातात! मी स्वतः ठरवलेलं, स्वतः वहीत लिहिलेलं, आणि बोटांना आठवेना. पुन्हा. सहा, शून्य, शून्य, एक. कुंकवानं बोट बटणावर घसरत होतं. तिसऱ्या खेपेला जमलं आणि दट्ट्या वर गेला. दोघांनी केरबाला मागं ओढलं. पांढऱ्या शर्टाची बाही भिजली होती. झेंडूची फुलं पाट्यावर तशीच होती.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा वाचला.

जीप त्याला घेऊन गेल्यावर सगळे बाहेर जमले. पाहुणे फाटकातूनच परत पाठवले. मी पेटीपुढं स्टुलावर बसून होते. घोरपडे आत आले, त्यांनी दार लोटलं. कुंकू लागलेल्या बटणाकडं बराच वेळ बघितलं. बटणावर माझ्या बोटाचा ठसा होता.

"हे दाबलं गेलं?"

"हो."

"दाबल्यावर जबडा हलायला पाहिजे का?"

"नको," मी म्हटलं.

"मग का हलला?"

आणि मी त्यांना सांगितलं. त्या माणसाला मी जे सांगितलं ते पुढं कुणालाही सांगितलं नाही, आज सांगते आहे.

पेटी सुरू झाली की ती आधी आठवणीच्या खणांची हजेरी घ्यायची. प्रत्येक खणात एक आकडा ठेवायचा, मग पहिल्यापासून वाचत यायचं, परत तोच मिळाला की खण हजर. मग दुसरा, मोठा आकडा. शेवटी सगळीकडं शून्य. आषाढात घोरपडेंना जास्त नोंदी हव्या झाल्या म्हणून मी आठवणीचं नवं कार्ड बसवलं आणि हजेरीची हद्द वाढवली. आणि माझ्या दट्ट्याच्या कार्डाचे दोन खण नेमके त्या हद्दीच्या मधोमध आले. ते कार्ड फक्त घेतं, परत काही देत नाही. त्यामुळं हजेरी तिथं अडली, पट्टीवर आकडा आला: सहा हजार, गैरहजर.

यंत्रानं स्वतः होऊन चूक सांगितली होती! योग्य इलाज काय? त्या दोन खणांत लिहूच नकोस, वळसा घालून पुढं जा, असं हजेरीला सांगायचं. पण तेव्हा सगळं हातानं मोजायचं काम. मध्ये चार ओळी घुसवल्या की पुढच्या सगळ्या ओळींचे नंबर सरकतात, हे सगळं ज्या चिपमध्ये भरलेलं असतं ती खास दिव्याखाली ठेवून पुसायची, पुन्हा भरायची. घोरपडे दारात उभे होते, "मॅडम, पाच वाजेपर्यंत पाहिजे." म्हणून मी सोपी वाट काढली. तक्रार लिहायच्या जागी थोडी रिकामी जागा होती, तिथं भरून टाकलं की गैरहजर खण सहा हजार किंवा सहा हजार एक असेल तर बोलू नकोस, पुढं चल. हजेरी त्या खणांत लिहीतच राहिली. फक्त बोलायची बंद झाली. म्हणून बटण दाबलं की जबडा थोडा उघडे, आणखी उघडे, आणि मग शून्य येऊन मिटे. पंप बंद असतो ना, मी मनाशी म्हटलं होतं. केरबाच्या हातून पंप आधी चालू होणं शक्य नव्हतं. माझ्या चुकीला त्याच्या शिस्तीचा आडोसा होता.

आणि तो जांभईचं सांगत आला तेव्हा मी हसले ना? त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं होतं तो काय सांगतोय ते. कळलं म्हणूनच हसले.

घोरपडेंनी ऐकून घेतलं. ते काही राक्षस नव्हते, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खिशातून रुमाल काढून माझ्यापुढं धरला. "पुसा ते."

मी रुमाल घेतला.

"चौकशी येणार. उगाच खाजवून खरूज काढू नका. तुम्ही बोललात तर यंत्राला कुलूप लागेल, पाहुणे जातील ते जातील, आणि तुम्हाला जन्मात कुणी संगणकाला हात लावू देणार नाही. तुमच्यानंतर कुठल्या मुलीलाही नाही. झाकली मूठ..." आणि ते मध्येच थांबले. मुठीचं बोलायचा दिवस नव्हता तो.

मी बटण पुसलं. खरं सांगते, मुलींचा वगैरे विचार माझ्या मनात आला नव्हता. मी भ्यायले होते.

चौकशी दिवाळीनंतर झाली. मालकांच्या खोलीत. सरकारकडून आलेले अधिकारी वयस्क, शांत, फार कमी बोलणारे गृहस्थ होते. केरबाच्या नोकरीचा निकाल तिथं लागायचा होता. दोष यंत्राचा ठरला तर तो जखमी कामगार, त्याचा ठरला तर निष्काळजी, आणि निष्काळजी माणसाला कोण ठेवून घेतं? केरबा भिंतीला टेकून खुर्चीवर बसला होता, उजवा हात पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मांडीवर. मला बघून तो अर्धा उठला. सवयीनं. "बसा, बसा," मी पुटपुटले.

टेबलावर ती पाटी आणून ठेवली होती. त्यानंच रंगवलेली.

"हे तुमचंच अक्षर?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"व्हय साहेब."

"शेवटची ओळ वाचा."

केरबानं वाचली. लोकांना वाचायला लावायचा तशीच, मोठ्यानं.

"मग पंप चालू असताना हात का घातला?"

माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. 'मॅडम म्हणाल्या घाला' हे तीन शब्दांत सांगता आलं असतं. तो म्हणाला, "पूजा हुती साहेब." मग जरा पुढं सरकून, "पर साहेब, यंत्र आपसूक हललं. ह्येच्या आधीबी हलत हुतं, रोज सकाळी, बटन दाबलं की. जांभई दिल्यावानी. मी सांगितलं हुतं मॅडमना. त्यास्नी विचारा. त्या खोटं बोलायच्या न्हाईत."

अधिकारी माझ्याकडं वळले. घोरपडे खिडकीबाहेर बघत होते.

"बटण दाबल्यावर दट्ट्या हलू शकतो का?"

"नाही," मी म्हटलं.

"यांनी तुम्हाला असं काही सांगितलं होतं?"

खोलीत पंखा फिरत होता. मला त्याची दोन पेरांची खूण आठवली, बोट आणि अंगठा. आता ती खूण करायला त्याच्याकडं बोट नव्हतं.

"तसं काही सांगितल्याचं आठवत नाही."

मी वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलंच. केरबाला राग आला नव्हता. तो गोंधळला होता. बाजारात विश्वासाचं माणूस हात सोडून गेल्यावर म्हातारं माणूस इकडं तिकडं बघतं, तसं बघत होता. मग हळूच म्हणाला, "सांगितलं नसंल मग. मला वाटलं सांगितलं." आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, "माजंच चुकलं असंल, साहेब."

कागदावर तसंच उतरलं. कामगाराचा निष्काळजीपणा. मालकांनी दया दाखवून त्याला कामावरून काढलं नाही, फाटकावर पहारेकरी म्हणून बसवलं. सगळ्यांनी मालकांची वाहवा केली. मीसुद्धा मान डोलावली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी कारखान्यात गेले. कुणी नव्हतं. चिप काढली, दिव्याखाली पुसायला ठेवली, आणि वही उघडून त्या चार ओळी हजेरीत घातल्या: सहा हजार आलं की लिहू नकोस, वळसा घाल. पुढचे सगळे नंबर सरकवले, दोनदा मोजले, चिप भरली, बसवली. पंप लावून, जबड्यात एक लाकडाचा ठोकळा ठेवून बटण दाबलं. दहा वेळा दाबलं. दट्ट्या जागचा हलला नाही. घड्याळ बघितलं, अडीच तास लागले होते. आषाढात मी घोरपडेंकडं अडीच तास मागितले असते तर त्यांनी कुरकुर केली असती आणि दिले असते. डोंबलाची इंजिनिअर मी! ठोकळ्याला मिठी मारून रडले.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

यंत्र चालवायला नवा माणूस आला होता, पण तो गारगोटीकडून येणारा, एस.टी. चुकली की उशिरा यायचा. अशा दिवशी फाटकावरचा केरबा किल्ल्या घेऊन आत यायचा आणि डाव्या हातानं पेटी सुरू करून ठेवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, यंत्राची सवय होती त्याला. माघातली थंडी होती. मी सकाळी फाटकातून आत शिरत होते. तो शेकोटीपाशी बसला होता. खांद्यावर घोंगडी, टोपी तीच. उठून उभा राहिला.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा ना."

"जांभई बंद झाली."

मी मागं वळून फाटकाकडं बघितलं.

"तीन-चारदा बघितलं मी," तो म्हणाला. "मुद्दाम बघितलं. बटन दाबतोय, आन जबड्याकडं डोळं लावून हुभा ऱ्हातोय. दोन पेरं काय, सुतभरबी हलंना." त्यानं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि मग नजर काढून शेकोटीकडं वळवली, मलाच अवघड होऊ नये म्हणून. "तुमी दुरुस्त केली. म्हंजी हुती."

"केरबा..."

"हुती न्हवं?"

"होती," मी म्हटलं.

त्याचा श्वास सुटला. किती महिने धरून ठेवला होता देव जाणे. "हुती," तो स्वतःशीच म्हणाला. "मला वाटलं मला येड लागलं का काय. रोज रातचं आठवून बगत हुतो. सांगितलं, का नुसतं मनात म्हटलं? तुमी हसलासा त्येबी आठवायचं, पर म्हटलं, मॅडम कशाला खोटं बोलतील." त्यानं डाव्या हातानं डोळे पुसले. "बेस झालं, दुरुस्त केलंसा. न्हाईतर त्या नव्या पोराचाबी हात गेला असता."

मी तिथं पाय धरले असते त्याचे. धरले नाहीत. कामगार आत येत होते.

"मी साहेबांना सांगते," मी म्हटलं. "मी लिहून देते. आजच."

"नगं," तो म्हणाला. "कागद झाला, आता काय हुतंय. तुमची नोकरी जाईल, मला बोटं येतील व्हय? तसलं काय नगं. एकच करा. आमच्या घरात पोरीनं तो कागद वाचून दाखवला. निष्काळजी. आमची मंडळी तवापासनं काय बोलत न्हाई, पर वाटी जरी माझ्या हातनं पडली तरी बघती माझ्याकडं. मी सांगतो, पर मी सांगून काय उपेग? तुमी एकदा घरला या. बसा, च्या घ्या, आन तिला एवढं सांगा, जांभई हुती म्हणून. बाकी काय सांगू नगा."

"येते," मी म्हटलं. "रविवारी नक्की येते."

"वडणग्यात तळ्याजवळ कुणालाबी इचारा. पोवार मास्तर म्हणा." आणि तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदा हसला.

रविवारी मी गेले नाही. साडी नेसून एस.टी. स्टँडापर्यंत गेले, वडणग्याची गाडी लागली, भरली, गेली. एका बाईसमोर बसून दोन शब्द बोलायचे होते, त्या कधी न बघितलेल्या बाईचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. परत खोलीवर आले.

सोमवारी तो फाटकात उभा होता. घोंगडी नव्हती, स्वच्छ शर्ट. "मंडळी वाट बघत हुती," म्हणाला. "मी म्हटलं आसंल काम. तिनं सांजा केला हुता. दुपार टळंस्तोवर झाकून ठेवला."

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं.

"चालतंय की. सवडीनं या."

कारखान्याला मागच्या बाजूनंही एक फाटक होतं, कोळशाच्या गाड्यांचं. तिथून आलं की अर्धा मैल वळसा पडायचा आणि चपला काळ्या व्हायच्या. मंगळवारपासून मी त्या फाटकानं यायला लागले.